पिकअपचा रंग आणि जमिनीचा थर



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहून निबर झालेल्या खांद्याला हळद आणि लोणी हलक्या हाताने चोळतात. बैल चकाकावा म्हणून कोणी त्याचे कातडे सोलून काढत नाही. आज कळंब तालुक्यात कितीतरी घरांपुढे बैलजोडीच्या जागी पांढरी पिकअप उभी असते. सोयाबीन लातूरला न्यायचे, खत आणायचे, भाजीपाला बाजारात पोचवायचा, ही सगळी कामे तीच करते. पण तिची खांदेमळणी कशी करायची, हे मात्र आपण कोणाला विचारत नाही. कोणी डिझेलचे फडके फिरवतो, कोणी कपड्याच्या सोड्याने धुतो, तर कोणी गॅरेजमधून रबिंगचा डबा आणून दंडातला जोर संपेपर्यंत घासत बसतो.

आजचा विषय शेतीबाहेरचा वाटेल, पण तसा तो नाही. गाडी हेही शेतीचेच अवजार आहे आणि त्यावर केलेला खर्च शेतीच्याच वहीत लिहावा लागतो.

सप्टेंबर 2025 मध्ये आपल्या धाराशिव जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. त्यानंतरच्या हिवाळ्यात मी कळंबजवळच्या एका वस्तीवर हरभऱ्यातली घाटेअळी पाहायला गेलो होतो. घर ओळखीचे. म्हातारे अण्णा, त्यांचा तिशीतला मुलगा आणि हिशेबाची वही सांभाळणारी सूनबाई. शेतातून परत आलो तर अंगणात बापलेकांचा वाद चाललेला. कारण होते दारातली नऊ वर्षांची पिकअप. हप्ते कधीच फिटलेले, इंजिन ठणठणीत. पण रंग पार उतरलेला. टपावर आणि बॉनेटवर खडूसारखी पांढुरकी भुकटी, दारांवर पाण्याचे डाग, मागच्या हौद्याच्या कडेने गंजाचे तांबडे ओघळ. पावसाळ्यात गाडी दोन दिवस चिखलपाण्यात उभी राहिली होती, त्याच्या खुणा वेगळ्याच.

मुलगा म्हणाला, "साहेब, गाडी अशी दिसाया लागली की भाडं देणारा आधी गाडीकडं बघतो, मग भाव पाडून मागतो. पेंटरनं पस्तीस हजार सांगितलेत. उसनवारी करून रंग मारून घेतो."

अण्णा म्हणाले, "सोयाबीन पाण्यात गेलं, आता रंगासाठी कर्ज काढायचं का? त्यापरीस इकून टाक."

सूनबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "साहेब, रंग खरंच गेलाय का नुसता मळलाय, हे आधी कळंल का?"

मंडळी, साऱ्या प्रकरणातला खरा प्रश्न हाच होता. पिकावर पिवळेपणा दिसला की आपण आधी तपासतो, नत्र कमी आहे, लोह कमी आहे की मुळाशी पाणी साचले आहे. न तपासता औषध मारणारा पैसे घालवतो. रंगाचेही तसेच आहे.

गाडीचा पत्रा उघडा नसतो. त्यावर आधी गंज रोखणारा अस्तराचा थर असतो, त्यावर रंग, आणि पुष्कळ गाड्यांवर शेवटी काचेसारखा पारदर्शक थर असतो. मालवाहू पांढऱ्या गाड्यांवर कित्येकदा हा पारदर्शक थर नसतो, पांढरा रंगच उघडा असतो. सगळे थर मिळून जाडी साधारण 100 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे एका मिलिमीटरचा दहावा भाग. त्यातला सर्वांत वरचा थर तर 30 ते 50 मायक्रॉनच असतो. टरबुजासाठी आपण जो मल्चिंग पेपर अंथरतो तो 25 किंवा 30 मायक्रॉनचा असतो. ती जाडी आठवा म्हणजे आपण कशावर रबिंग घासतो हे ध्यानात येईल.

आता ही भुकटी कोठून येते ते पाहू. पांढऱ्या रंगात टायटॅनियम डाय-ऑक्साइड नावाची पूड असते. गंमत अशी की हे पांढरे द्रव्य इल्मेनाइट नावाच्या काळ्या खनिजापासून करतात. ते आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या वाळूतही सापडते. ही पूड राळेसारख्या पदार्थात बांधलेली असते. वर्षानुवर्षे ऊन लागले की उन्हातील अतिनील किरणांनी ते बंधन तुटते आणि पूड मोकळी होते. चुन्याने सारवलेल्या जुन्या भिंतीला टेकले की पाठ पांढरी होते ना, तसेच हे. सगळ्यात जास्त ऊन टप आणि बॉनेट खातात, म्हणून तेच आधी फिके पडतात.

मी अण्णांना गाडीचे दार उघडायला सांगितले. दाराच्या आतल्या चौकटीवर ऊन पडत नाही, तिथला रंग नवा असल्यासारखा होता. बाहेरच्या रंगाशी ताडून पाहिल्यावर किती उतार पडला ते सर्वांना दिसले. मग काळे फडके ओले करून बॉनेटवर घासले. फडके पांढरे झाले. म्हणजे वरची कातडी मेली होती, पण खाली रंग शिल्लक होता. पापुद्रे कोठेही सुटलेले नव्हते. मी मुलाला म्हटले, "अरे, पस्तीस हजार राहू देत. आधी दोन दिवस अंग मोडून काम कर. मग बघू."

ते काम कसे करावयाचे ते आता क्रमाने सांगतो.

पहिले काम धुण्याचे. आपली काळी माती वाळली की धरून बसते आणि तिच्यात बारीक खडे असतात. कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे काचकागद फिरवणे. म्हणून आधी भरपूर पाणी मारून माती भिजू द्यावी. फवारणीचा एचटीपी पंप वापरत असाल तर तो तणनाशकाचा नसावा आणि नळी दोन-तीन हात लांब धरावी. जवळून धार मारली तर सुटलेला रंग आणखी उचलतो. मग दोन बादल्या घ्याव्यात, एकीत गाडीच्या शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे पाणी. फडके आधी साध्या पाण्यात खळबळावे, मग शाम्पूत बुडवावे. टपापासून सुरुवात करून खाली यावे. कपड्याचा सोडा आणि भांड्याची पावडर अजिबात नको. सकाळी लवकर किंवा सावलीत धुवावे आणि लगेच मऊ कापडाने टिपून घ्यावे.

दुसरे काम डागांचे. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. ज्या क्षाराने ठिबकच्या तोट्या बंद होतात, तोच उन्हात वाळून पत्र्यावर गोल डाग पाडतो. पण ठिबकला सोडतो ते आम्ल गाडीवर वापरू नये. कोणी तसे केले आहे, त्यांच्या गाडीचा रंग आणि हाताची कातडी दोन्ही मी पाहिली आहेत. पांढरा व्हिनेगर निम्मे पाणी घालून फडक्याने लावावा, मिनिटभराने भरपूर पाण्याने धुवावे. पक्ष्यांची विष्ठा दिसली की त्याच दिवशी ओली करून काढावी. ती आम्लधर्मी असते आणि उन्हात रंग खाते. पांढऱ्या रंगावर बारीक नारिंगी ठिपके दिसतात, ते बहुधा ब्रेक घासून उडालेल्या लोखंडाच्या कणांचे असतात. दुकानात क्ले नावाची मळलेल्या कणकेसारखी वडी मिळते. पत्रा शाम्पूच्या पाण्याने ओला ठेवून ती हलकेच फिरवली की असे कण निघतात. वडी खाली मातीत पडली तर ती फेकून द्यावी, नाहीतर तीच ओरखडे पाडते.

तिसरे काम घासण्याचे, आणि येथेच सांभाळावयाचे असते. रबिंग कंपाऊंड म्हणजे अगदी बारीक कणांचा लेप. ते चकाकी लावीत नाही. ते मेलेला, खरबरीत थर खरवडून काढते आणि खालचा गुळगुळीत रंग उघडा करते. म्हणजे प्रत्येक रबिंगला रंग थोडा पातळ होतो. बांध न घालता उतारावर नांगरट केली की सुपीक थर वाहून जातो आणि पुन्हा येत नाही. रंगाचेही तेच.

माझी स्वतःची चूक सांगतो, म्हणजे तुमची टळेल. काही वर्षांपूर्वी माझ्या जुन्या पांढऱ्या मोटारीच्या बॉनेटवर मी एका रविवारी रबिंग घेऊन बसलो. सपाट भाग सुंदर निघाला. उत्साहाच्या भरात कडेची धारही तशीच घासली. धारेवर रंग मुळातच पातळ असतो. बघता बघता राखी अस्तर उघडे पडले. रेघ बोटभर लांब, पण ती लपवायला पेंटरकडे जावे लागले. कृषीची पदवी घेऊन इतरांना धूप थांबवा म्हणून सांगणारा मी, माझ्याच दारात धूप करून बसलो!

म्हणून हे नियम पाळावेत. गाडीच्या कडा, धारा आणि रबराच्या पट्ट्यांवर आधी कागदी चिकटपट्टी लावावी. काळ्या प्लॅस्टिकवर कंपाऊंड गेले तर पांढरे डाग पडतात. नंबरपाटी आणि रात्री चमकणाऱ्या रिफ्लेक्टर पट्ट्यांवर कंपाऊंड जाऊ देऊ नये. अंधारात मागून येणाऱ्याला त्याच पट्ट्यांवरून गाडी दिसते. मग न दिसणाऱ्या जागी वीतभर तुकडा करून पाहावा. मधोमध चिकटपट्टी लावून एकच बाजू घासावी, म्हणजे फरक समोर दिसतो. पत्रा हाताला गार लागला पाहिजे. एका वेळी दोन फूट लांब-रुंद एवढाच भाग घ्यावा. आधी बारीक कणांचे पॉलिश वापरून पाहावे. तेवढ्याने भागले तर जाड रबिंगला हात लावू नये. फडके मऊ असावे, जुने धुतलेले धोतर किंवा मायक्रोफायबर. लेप वाळण्याआधी पुसावा. भुकटी जाऊन पत्र्यात आपला हात दिसू लागला की थांबावे. आरसा व्हायची वाट पाहू नये.

यंत्राबद्दल एक इशारा. काही पोरे वेल्डिंगच्या ग्राइंडरलाच लोकरीची गादी लावतात. छोटा ग्राइंडर मिनिटाला 11,000 च्या आसपास फेरे घेतो. पॉलिशचे यंत्र त्याहून कितीतरी हळू, 3,000 च्या आत चालते. ग्राइंडरने रंग काही क्षणांत जळतो. यंत्र नसेल तर हाताने करावे. वेळ जाईल, पण रंग जाणार नाही.

चौथे काम संरक्षणाचे. घासून उघडा केलेला रंग तसाच ठेवला तर दोन उन्हाळ्यांत पुन्हा भुकटी धरतो. उघड्या जमिनीवर आच्छादन करतो तसे त्यावर मेण लावावे. गाडीच्या मेणाचा अगदी पातळ हात द्यावा, धुकट झाला की स्वच्छ कापडाने पुसावा. जाड थराने फायदा नाही. आपल्या उन्हात हे मेण दोन-तीन महिने टिकते. पाणी मारल्यावर मोत्यासारखे थेंब उभे राहिले तर मेण शिल्लक आहे. पाणी पसरले तर पुन्हा लावावे. डिझेल किंवा रॉकेल पुसून येणारी चमक ही चमक नव्हे. तो तेलकट पापुद्रा असतो, त्यावर धूळ दुप्पट बसते आणि रबर खराब होते.

आता सर्वांत महत्त्वाचे, ते म्हणजे गंज. अण्णांच्या गाडीत खरे दुखणे बॉनेटवर नव्हतेच, ते हौद्यात होते. मी ताडपत्री उचलून पाहिले, तर तळाच्या कोपऱ्यात खताचे दाणे ओले होऊन बसलेले. येथे मला माझ्या खात्याचा विषय सापडला. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. मिठाचा हा सख्खा भाऊ आहे, आणि मीठ लोखंडाचे काय करते हे सांगायला नको. सुपर फॉस्फेटमध्ये थोडे मोकळे आम्ल असते. खत दमट हवेत पाणी ओढून घेते आणि तो ओलावा पत्र्यावर महिनोन् महिने बसतो. शेणखत आणि जनावरांचे मूत्र यांचेही तसेच. म्हणून खत आणले की गोण्यांखाली ताडपत्री असावी, आणि गाडी रिकामी झाली की हौदा त्याच दिवशी धुवावा. हौद्याची आणि दारांच्या तळाची पाणी निघण्याची छिद्रे चिखलाने बुजतात, ती काडीने मोकळी करावीत. दारे खालून कुजतात ती बहुधा ह्याच कारणाने.

गंजावर पॉलिश चालत नाही, आणि गंजावर लांबी भरणे म्हणजे पू न काढता जखमेवर पट्टी बांधणे. तारेच्या ब्रशाने आणि काचकागदाने पत्रा उजळ दिसेपर्यंत खरवडावा, कडेचा रंग उतरता घासून घ्यावा, पूर्ण कोरडा करावा, त्याच दिवशी प्रायमर लावावा आणि मग वरून रंग द्यावा. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर रुमाल असावा. भोक पडले असेल तर आधी वेल्डिंग. रंग घेताना नुसते "पांढरा द्या" म्हणू नये. पांढऱ्यातही पुष्कळ छटा असतात. गाडीच्या माहितीपट्टीवर किंवा पुस्तिकेत रंगाचा क्रमांक मिळाला तर तो दुकानदाराला दाखवावा, नाहीतर ठिगळ उठून दिसते.

वस्तीवर काय झाले ते सांगून थांबतो. मुलाने दोन दिवस खपून गाडी धुतली, घासली, मेण लावले. हौद्याच्या दोन कोपऱ्यांना वेल्डिंग करून, प्रायमर देऊन रंग दिला. समोरच्या काचेच्या वर पेंटरने हाताने लिहिलेले "आई येडेश्वरी प्रसन्न" होते. मुलगा म्हणाला, अक्षरे जुनी झालीत, काढून टाकू का? अण्णा काहीच बोलले नाहीत. सूनबाईच म्हणाल्या, "हप्ते फेडले ते ह्याच अक्षरांखाली बसून. राहू द्या." मुलाने अक्षरांभोवती चिकटपट्टी लावली आणि कडेने जपून घासले.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा गेलो तेव्हा सूनबाईंनी वही दाखवली. शाम्पू, क्ले, पॉलिश, मेण, काचकागद, प्रायमर, रंग आणि वेल्डिंग मिळून खर्च पेंटरने सांगितलेल्या रकमेच्या दहाव्या हिश्शाच्याही आत होता. गाडी नवी दिसत होती काय? नाही. टपावर दोन ठिकाणी रंग पातळ झालेला दिसतो, एका दारावरचे जुने ओरखडे तसेच आहेत. पण हौदा कोरडा आणि शाबूत होता. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दर वर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या वेळी ब्रेक, दिवे, टायर यांसाठी पैसा हाताशी लागतो, तो शिल्लक होता. कर्ज काढले नाही आणि गाडीही विकली नाही. अण्णा एवढेच म्हणाले, "साहेब, बैल म्हातारा झाला म्हणून लगेच बाजार दाखवत नसत्यात."

दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. पारदर्शक थराचे पापुद्रे सुटले असतील किंवा अस्तर उघडे पडले असेल, तर रबिंगने काही साधत नाही. तेथे तेवढा भाग रंगवूनच घ्यावा लागतो. आणि गाडी विकायची असेल तर जरूर स्वच्छ करावी, पण गंजावर लांबी आणि वरून चकाकी देऊन घेणाऱ्याला फसवू नये. तो घेणाराही कुठल्यातरी गावचा शेतकरीच असतो.

तात्पर्य असे. धुणे आठवड्याला, मेण दोन-तीन महिन्यांनी, मृगाच्या आधी गंजाची तपासणी, आणि रबिंग चार-पाच वर्षांतून एखादे वेळी, तेही गरज असेल तरच. येत्या रविवारी काळे फडके ओले करून आपल्या गाडीच्या बॉनेटवर फिरवून पाहा. मग ताडपत्री उचलून हौद्याचे कोपरे पाहा. आधी कोपऱ्यांचे काम करा, बॉनेटचे नंतर.